मानसशास्त्राची पदवी : पुढची वाट आधी आखावी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



एका घरातील एक प्रसंग क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. तालुक्याच्या पेठेत वडिलांचे कापडाचे दुकान आहे. मुलीला बारावी वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळाले आहेत. ती सी.ए. होणार, असे नात्यातील सर्वांनी मनोमन ठरवून टाकले आहे. रात्री दुकानाचे शटर ओढून वडील घरी येतात, तेव्हा मुलगी सांगते, "अण्णा, मला मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचे आहे." वडील रागावत नाहीत. एवढेच विचारतात, "बरं बाळ, पण पुढे काय?" मुलीजवळ उत्तर नसते. खरे पाहता वडिलांजवळही ते नसते. दोघेही गप्प राहतात आणि त्या शांततेचा अर्थ दोघे वेगवेगळा लावतात. मुलीला वाटते, अण्णांचा विरोध आहे. वडिलांना वाटते, मुलीने काही विचारच केलेला नाही.

असा प्रसंग आज पुष्कळ घरांत घडतो आहे. मानसशास्त्राकडे वळणाऱ्या मुलामुलींची ओढ खरी असते आणि पालकांची काळजीही खरी असते. म्हणून त्या "पुढे काय?" या दोन शब्दांचे सविस्तर उत्तर शोधणे, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

पदवी आणि अधिकार

ही सभा बहुतांशी व्यापारी कुटुंबांची आहे, त्यामुळे वाणिज्य शाखेचेच उदाहरण घेणे सोयीचे होईल. बी.कॉम. झालेला तरुण दुकानाचा रोजमेळ लिहू शकतो, खतावणी करू शकतो, ताळेबंद वाचू शकतो. परंतु लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार सी.ए.चा आहे. त्यासाठी वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, अनुभवी सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी करावी लागते आणि संस्थेकडे नोंदणी करावी लागते. यामुळे बी.कॉम. पदवी निरुपयोगी ठरत नाही. ती पाया आहे, इमारत नव्हे, एवढाच याचा अर्थ.

मानसशास्त्राच्या बी.ए. पदवीचे अगदी असेच आहे. तीन वर्षांच्या पदवीने मनाच्या व्यवहारांची ओळख होते, निरीक्षणाची शिस्त लागते. पण त्या पदवीवर कोणावरही उपचार करता येत नाहीत. दु:खाची गोष्ट अशी की, पुष्कळ विद्यार्थ्यांना हे पदवी हातात पडल्यावर कळते. मग घाईने कोठेतरी एम.ए.चा अर्ज केला जातो. एम.ए. झाल्यावर कळते की, रुग्णालयात काम करण्यासाठी आणखी एक शिक्षण हवे आणि त्याच्या जागा मोजक्याच आहेत. तोवर वय तेवीस-चोवीस झालेले असते, घरात विवाहाची बोलणी सुरू झालेली असतात आणि मुलगी मधल्याच पायरीवर थांबते. या मुलीची बुद्धी कमी पडलेली नसते. तिला वाटेचा नकाशा वेळेवर मिळालेला नसतो.

विषयाचे खरे स्वरूप

मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची कला, असा समज आजही आढळतो. तो खरा नाही. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून हा विषय प्रयोगाचा आणि मोजमापाचा झाला. आपल्या देशातही त्याला शतकाहून अधिक इतिहास आहे. कलकत्ता विद्यापीठात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता.

म्हणूनच या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र येते. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध यांची गणिते करावी लागतात, प्रयोगवह्या लिहाव्या लागतात, चाचण्यांचे गुणांकन शिकावे लागते. "गणित नको म्हणून मानसशास्त्र" असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची पहिल्या दोन वर्षांतच निराशा होते. उलट वाणिज्य शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याला आकड्यांची सवय असल्यामुळे हा भाग सोपा जातो. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला बी.ए.ला हा विषय घेता येतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

तीन नावे, तीन वाटा

मनाच्या आजाराशी संबंधित तीन व्यवसायांची नावे नेहमी एकमेकांत मिसळली जातात. ती वेगळी करून पाहिली की अर्धा गोंधळ संपतो.

पहिला मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट. तो आधी डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर तो मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि औषधे लिहून देतो. बी.ए.ची वाट तेथे पोचत नाही. ज्याला हे व्हायचे आहे त्याने अकरावीलाच जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घ्यावी आणि नीट परीक्षेची तयारी करावी.

दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. तो औषधे देत नाही. बुद्धिमत्ता, स्मृती, व्यक्तिमत्त्व यांच्या चाचण्या घेणे, निदानास साहाय्य करणे आणि संवादावर आधारलेले शास्त्रीय उपचार करणे हे त्याचे काम. १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आवश्यक असते. नोंदणीवाचून असा व्यवसाय करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावासाचीही तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे याची व्याख्या दिली असून तीतही परिषदेच्या मान्यतेवर भर आहे. म्हणजे येथे पदवीपेक्षा नोंदणीचा क्रमांक महत्त्वाचा.

तिसरा समुपदेशक. अभ्यासाचे दडपण, परीक्षेची भीती, घरातील विसंवाद, प्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतरचे दु:ख, व्यवसायाची निवड अशा प्रश्नांत तो माणसाला आधार देतो आणि गंभीर आजाराची लक्षणे दिसताच त्याला योग्य तज्ज्ञाकडे पाठवतो. या व्यवसायावर दीर्घकाळ कोणत्याही परिषदेचे नियंत्रण नव्हते. त्यामुळे काही दिवसांचे वर्ग करून पाटी लावणारेही निघाले. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळता इतर मानसशास्त्रज्ञ व वर्तन-आरोग्य क्षेत्रातील समुपदेशक त्याच्या कक्षेत आणले. आज या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याने असेच गृहीत धरावे की, त्याच्या व्यवसायाच्या काळात नोंदणीचा प्रश्न येणारच. म्हणून सुरुवातीपासून भक्कम पदवी आणि प्रत्यक्ष कामाचे पुरावे जवळ ठेवावेत.

जुना सल्ला आता चालणार नाही

गेल्या काही वर्षांत नियम इतके बदलले आहेत की, पाच वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडलेल्या ताईचा सल्लाही आज अपुरा पडेल. दोन बदल विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत.

पहिला बदल एम.फिल.विषयी. १९५५ च्या सुमारास बंगळुरूच्या त्या वेळच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, या प्रशिक्षणाची सुरुवात झाली आणि पुढे अनेक दशके "एम.ए. आणि त्यानंतर रुग्णालयाशी जोडलेले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल." हाच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा राजमार्ग राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. मात्र या विषयापुरती २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत वाढवून दिली. दरम्यान पुनर्वास परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीची चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, एम.ए. आणि साय.डी. अशी नवी रचना आणली. सारांश, आज बारावी झालेल्या मुलीपुढची वाट आधीच्या पिढीची वाट नाही. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वत: पाहावी. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात "मान्यताप्राप्त" एवढा एकच शब्द असेल, तर "मान्यता कोणाची, कोणत्या अभ्यासक्रमाची आणि कोणत्या वर्षापर्यंतची?" हे तीन प्रश्न विचारावेत. कापडाच्या गठ्ठ्यावरील छाप पाहून कोणी माल घेत नाही, ताका उलगडून पाहतो. येथेही तसेच करावे.

दुसरा बदल लहान गावांतील मुलींच्या दृष्टीने अधिक मोठा आहे. गावातल्या महाविद्यालयात बी.ए. करावे आणि मग घरी राहून पत्राद्वारे किंवा मुक्त विद्यापीठातून एम.ए. करावे, असा मार्ग हजारो मुलींनी स्वीकारला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. यामागील विचार समजण्यासारखा आहे. माणसाच्या मनाशी संबंधित काम पुस्तके वाचून येत नाही. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली करूनच ते येते. परंतु घरच्या हिशेबात याचा अर्थ असा की, एम.ए.च्या दोन वर्षांसाठी मुलीला शहरात राहावे लागणार. तेव्हा वसतिगृह, भोजनाची सोय, प्रवास यांचा विचार बी.ए.च्या पहिल्या वर्षीच सुरू झाला पाहिजे. समाजाच्या बोर्डिंगांचा आणि शिष्यवृत्तीचा खरा उपयोग अशा ठिकाणी होऊ शकतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे चौथे ऑनर्सचे वर्ष आणि त्यानंतर एक वर्षाचे एम.ए. असा पर्यायही आणला आहे. तो घेताना, पुढे ज्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तेथे अशी पदवी चालते का, एवढी खात्री लेखी करून घ्यावी.

रुग्णालयाबाहेरचे क्षेत्र

मानसशास्त्र म्हणजे फक्त रुग्णालय नव्हे. या पदवीच्या इतर वाटा तितक्याच सन्मानाच्या आहेत.

शाळा-महाविद्यालयांत समुपदेशकांची गरज वाढत आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत म्हटले आहे. ज्यांना मुलांमध्ये काम करणे आवडते त्यांनी एम.ए.बरोबर बालक व किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घ्यावे. गतिमंद किंवा अध्ययन-अक्षम मुलांसाठी विशेष शिक्षणाची वेगळी वाट आहे आणि तीही पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची आहे.

उद्योग-व्यापाराची वाट व्यापारी घरांना अधिक जवळची वाटेल. अमेरिकेत शिकागोजवळील हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर झालेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. केवळ उजेड आणि पगार यांवर काम अवलंबून नसते, माणसाकडे कोणी लक्ष देते की नाही यावरही ते अवलंबून असते, हा विचार त्यांतून पुढे आला. आजचे मनुष्यबळ विकासाचे क्षेत्र याच पायावर उभे आहे. कर्मचाऱ्यांची निवड, प्रशिक्षण, तंटे मिटविणे यांसाठी मानसशास्त्राच्या पदवीनंतर व्यवस्थापनाची पदवी घेणारे विद्यार्थी चांगल्या जागांवर आहेत.

ग्राहकाचे मन हा तर दुकानदाराचा रोजचा विषय. पन्नास रुपये सूट मिळाल्याचा आनंद ग्राहक संध्याकाळपर्यंत विसरतो, पण पन्नास रुपये जास्त गेल्याचे वर्षभर लक्षात ठेवतो, हे गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोट्याचे दु:ख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा मोठे असते, हे डॅनियल काहनेमन आणि आमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली शास्त्रीय रीतीने मांडले. काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाजार-संशोधन, जाहिरात, ग्राहकांच्या सवयींचा अभ्यास या क्षेत्रांना अशा अभ्यासकांची गरज असते. मुलगा मानसशास्त्र शिकला म्हणजे दुकानाला मुकला, असे समजण्याचे कारण नाही.

अध्यापनाची वाट एम.ए.नंतर नेट किंवा सेट परीक्षेची आणि पुढे पीएच.डी.ची आहे. तेथे नियमित जागा कमी आणि तासिका तत्त्वावरील कामे अधिक, हे वास्तव आधी समजून घ्यावे. लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडमंडळांत मानसशास्त्रज्ञ असतात, पण जागा थोड्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो. सरकारी जाहिराती वाचताना मात्र सावध राहावे. समुपदेशक पदासाठी पुष्कळदा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागितलेली असते आणि मानसशास्त्राचा उमेदवार जाहिरात पूर्ण न वाचताच आशा लावून बसतो.

गरज मोठी, माणसे थोडी

या शिक्षणाला मागणी आहे का, या प्रश्नाचे उत्तर निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सापडते. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. शासनाची "टेलिमानस" ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती प्रादेशिक भाषांतही उपलब्ध आहे.

येथे भाषेचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. खेड्यातील आजी "मला नैराश्य आले आहे" असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, "जीव घाबरा होतो", "कशात मन लागत नाही", "आतून उलघाल होते". या शब्दांमागचा आजार ओळखायला ती भाषा अंगात मुरलेली असावी लागते. आपल्या समाजातील मुलेमुली घरात मराठी, मारवाडी, गुजराती, कानडी अशा भाषा ऐकत मोठी होतात. महानगरातील इंग्रजी शिकलेल्या तज्ज्ञाजवळ जे नसते, ते त्यांच्याजवळ जन्मापासून असते. उच्च शिक्षण इंग्रजीत घ्यावे लागेल, त्याची तयारी करावी. पण मातृभाषा हे या व्यवसायातील भांडवल आहे, ते गमावू नये.

अंगचे गुण आणि गुप्ततेचे व्रत

"तिला माणसांशी बोलायला आवडते, म्हणून मानसशास्त्र" असे म्हटले जाते. या व्यवसायात बोलण्यापेक्षा ऐकणे अधिक असते. समोरचा रडत असताना घाईने सल्ला न देता शांत बसता येणे, स्वत:ची मते बाजूला ठेवता येणे, आणि दिवसभर इतरांची दु:खे ऐकून संध्याकाळी ती घरी न नेणे, हे अभ्यासाने साधते. पण सोपे नाही. स्वत:च्या मनातील एखादी जखम भरून काढण्यासाठी कोणी हा विषय घेत असेल, तर त्याने आधी स्वत:साठी तज्ज्ञाची मदत घ्यावी.

लहान गावात आणखी एक कसोटी असते. सर्वजण सर्वांना ओळखतात. दुपारी ज्या सूनबाईने समुपदेशकाजवळ मन मोकळे केले, तीच संध्याकाळी लग्नाच्या पंगतीत शेजारी भेटते. अशा वेळी नजरेतूनही काही प्रकट होता कामा नये. एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरात गेली, तर त्या गावातील कोणीही पुन्हा मदत मागायला येणार नाही आणि ज्याने विश्वास ठेवला त्याचे आयुष्य उघडे पडेल. म्हणूनच जवळच्या नातेवाइकांवर स्वत: उपचार करू नयेत, त्यांना दुसऱ्याकडे पाठवावे, असा या व्यवसायाचा दंडक आहे. समाजानेही एवढे पथ्य पाळावे की, "अमक्याची सून तुझ्याकडे येते म्हणे?" असा प्रश्न त्या मुलीला कधी विचारू नये.

आपला कल जाणून घेण्यासाठी अभिक्षमता चाचणीचा आधार घेता येतो. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली ज्ञान प्रबोधिनी आणि ठाण्यात १९९० साली सुरू झालेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थांनी महाराष्ट्रात या विषयाचे काम रुजविले आहे. बी.ए. करीत असतानाच सुट्टीत मतिमंद मुलांच्या शाळेत, वृद्धाश्रमात किंवा एखाद्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून काही आठवडे काम करावे. तेथे एका महिन्यात जे कळते ते चाचणीतही कळत नाही.

वर्षांचा आणि पैशांचा हिशेब

आता घरच्या हिशेबाकडे यावे. बारावीला अठरावे वर्ष, बी.ए.ला एकविसावे, एम.ए.ला तेविसावे, त्यापुढील व्यावसायिक प्रशिक्षणाला सुमारे पंचविसावे. मग एक-दोन वर्षे अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली काम. म्हणजे सत्ताविशी-अठ्ठाविशीच्या आत स्वतंत्र व्यवसायाची अपेक्षा धरू नये. पहिल्या काही वर्षांत मिळकत बेताचीच राहते. रुग्णाचा विश्वास हळूहळू बसतो आणि एका रुग्णाला पाऊण-एक तास द्यावा लागत असल्याने दिवसाला मोजकेच रुग्ण पाहता येतात. नव्या दुकानाची पहिली तीन वर्षे जशी गिऱ्हाईक जोडण्यात जातात, तसेच हे आहे. त्या काळासाठी घराची तयारी हवी.

विवाहाचा प्रश्नही मोकळेपणाने बोलावा. स्थळे येण्याचे वय आणि शिक्षणाची सर्वांत महत्त्वाची दोन वर्षे एकाच वेळी येतात. पहिल्या भेटीतच "मुलीचे प्रशिक्षण अमुक वर्षी पूर्ण होईल" असे स्पष्ट सांगितले, तर पुढचे अनेक मनस्ताप टळतात. पुनर्वास परिषदेची नोंदणी देशभर चालते, त्यामुळे सासर बदलल्याने शिक्षण वाया जात नाही. परदेशी जायचे असल्यास मात्र नियम वेगळे आहेत. अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट म्हणून परवाना मिळण्यास साधारणत: डॉक्टरेट लागते आणि ब्रिटनमध्ये "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" ही उपाधी तेथील नोंदणीशिवाय वापरता येत नाही. परदेशातील स्थळ पाहताना याचाही विचार व्हावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पायरीवर बाहेर पडण्याचे एक दार असावे. चांगला व्यापारी ताका असा फाडतो की, उरलेला तुकडाही विकला जावा. बी.ए.नंतर थांबावे लागले, तर व्यवस्थापन, समाजकार्य, विशेष शिक्षण किंवा स्पर्धा परीक्षा. एम.ए.नंतर थांबावे लागले, तर शाळा, महाविद्यालय किंवा उद्योगक्षेत्र. पुढील प्रशिक्षण पूर्ण झाले, तर रुग्णालय आणि स्वतंत्र व्यवसाय. ही दारे आधी माहीत असली म्हणजे अडचण आली तरी मुलगी अपयशी ठरत नाही. ती फक्त वाट बदलते.

एक पान

शेवटी सुरुवातीच्या त्या घराकडे परत जाऊ. वडील आणि मुलगी अजून समोरासमोर बसले आहेत. त्यांनी एक कोरे पान घ्यावे आणि त्यावर पाच रकाने आखावेत. पहिल्यात वर्ष, दुसऱ्यात त्या वर्षीचे शिक्षण, तिसऱ्यात त्या शिक्षणाला मान्यता देणारी संस्था, चौथ्यात खर्च व राहण्याची सोय आणि पाचव्यात त्या पायरीवरचे पर्यायी दार. माहितीचे रकाने मुलीने भरावेत, खर्चाचा रकाना वडिलांनी भरावा. जेथे रकाना रिकामा राहील तेथेच पुढची चौकशी करावी. दर वर्षी निकालानंतर ते पान पुन्हा काढून तपासावे. कारण नियम बदलतात आणि माणसाची आवडही बदलते.

हे पान भरून झाले म्हणजे कदाचित मुलगी मानसशास्त्र घेईल, कदाचित दुसरे काही घेईल. दोन्ही निर्णय चांगलेच. पण तो निर्णय माहितीवर उभा असेल आणि त्यावर दोघांचेही अक्षर असेल. "पुढे काय?" हा प्रश्न मग विरोधाचा राहणार नाही, सोबतीचा होईल.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी समाजातील प्रत्येक घरात असे एक पान लिहिले जावे, एवढीच सर्वांना नम्र विनंती. सर्व विद्यार्थ्यांना मन:पूर्वक शुभेच्छा. जय जिनेंद्र!